धर्मगुरूंचा निरोप : साष्टीच्या उत्तर टोकावरील एका प्रथेचा इतिहास

आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा प्रदेश म्हणजे ऐतिहासिक साष्टी बेटाचे उत्तर टोक होय. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस घोडबंदर-काशीकडील डोंगररांग यांच्यामधील या पट्ट्यात भाईंदर, काशी, मिरे, राई, मुर्धे, डोंगरी, पाली, चौक, उत्तन ही गावे १९८५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होती आणि त्यांपैकी अनेक गावांत मासेमारी, भातशेती व मिठागरे यांवर जगणाऱ्या रोमन कॅथलिक कुटुंबांची वस्ती चार शतकांहून अधिक काळ टिकून आहे. या गावांत एखादे धर्मगुरू वयोमानानुसार सेवेतून निवृत्त होतात, तेव्हा कृतज्ञतेचा मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), वाजतगाजत निघणारी मिरवणूक, शाल-श्रीफळ, मानपत्राचे वाचन आणि सामुदायिक भोजन असा सोहळा होतो. हा सोहळा इतका रुळलेला आहे की तो पोर्तुगीज काळापासूनच चालत आला असावा, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः हयात धर्मगुरूंना निवृत्तीच्या वेळी सन्मानाने निरोप देण्याची प्रथा जेमतेम दोन पिढ्यांची आहे. मात्र ती ज्या नात्यावर उभी आहे ते नाते घडायला जवळजवळ चारशे वर्षे लागली, आणि त्या घडणीचा इतिहास समजून घेतल्याशिवाय या निरोपाचे मोल नीट कळत नाही.

या इतिहासाचा आरंभ सत्तेच्या सावलीत झाला, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई आणि तिच्या अखत्यारीतील साष्टीसह आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्सिस्कन संघाचे अंतोनियो दो पोर्तो यांच्यासारखे मिशनरी या भागात धर्मप्रसार करू लागले. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या अधिकारानुसार पूर्वेकडील चर्चची उभारणी, धर्मगुरूंच्या नेमणुका आणि त्यांचा खर्च ही राजसत्तेची जबाबदारी होती. या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ असे म्हणत. त्यामुळे धर्मगुरूचा भत्ता राजाच्या खजिन्यातून येई, त्याने कोणत्या गावी जायचे हे त्याच्या संघाचे वरिष्ठ ठरवीत, आणि ज्या गावात तो राहत असे त्या गावाचा त्याच्या येण्या-जाण्यावर काहीच अधिकार नसे. मंदिरांचा विध्वंस, नवख्रिस्ती प्रजेला दिलेल्या सवलती आणि इतरांवर घातलेली बंधने यांचाही या काळाच्या नोंदींत समावेश आहे. डोंगरीचे बेथलेहेममातेचे चर्च १६१३ चे मानले जाते, आणि भाईंदरचे नाझरेथमातेचे चर्च, काशीचे संत जेरोमचे चर्च यांची परंपराही त्याच कालखंडाशी जोडलेली आहे.

स्थानिक माणसाने स्वतः धर्मगुरू व्हावे, ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य आले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले, हे फ्रान्सिस्कन संघात गुरुदीक्षा न घेतलेले बंधू म्हणूनच राहिले. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेऊस दे कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली, म्हणून त्यांना रोमपर्यंत जावे लागले. तेथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये ते बिशपही झाले. या दोन चरित्रांवरून एवढे दिसते की सतराव्या शतकात साष्टीच्या खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबाला धर्मगुरू म्हणजे बाहेरून पाठवलेला, परक्या भाषेत प्रार्थना म्हणणारा आणि संघाच्या आज्ञेने केव्हाही परत जाणारा माणूस वाटत असणार. त्याच्याविषयी आदर असेल, भीतीही असेल. पण आज निरोपाच्या वेळी ज्या आपलेपणाने गाव बोलते, त्या आपलेपणाला तेव्हा फारशी जागा नव्हती.

हे चित्र बदलण्यास जी घटना कारणीभूत झाली, ती ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या दृष्टीने त्या काळी आपत्तीच होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर मोहीम काढून ठाणे घेतले, उत्तन-चौक बाजूचा धारावी किल्ला या संघर्षात अटीतटीने लढवला गेला, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसईचा किल्ला पडला. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय संघांचे बहुतेक मिशनरीही या भागातून गेले, मठ ओस पडले, आणि राजाच्या खजिन्यातून येणारा पैसाही आटला. मराठ्यांनी ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मुभा ठेवली. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास केलेल्या आंकेतील द्यु पेराँ या फ्रेंच अभ्यासकाने येथील ख्रिस्ती सण मराठी अमलाखालीही उघडपणे साजरे होत असल्याची नोंद केली आहे. मात्र त्या सणांचे पौरोहित्य आता प्रामुख्याने भारतीय वंशाचे, कोणत्याही संघाशी न बांधलेले धर्मगुरू करीत होते. राज्य गेले आणि गाव उरले. त्या गावातच राहायला तयार असलेल्या मोजक्या देशी धर्मगुरूंनी पुढची पस्तीस वर्षे, म्हणजे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी जिंकेपर्यंत, बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांची साखळी तुटू दिली नाही. साष्टीच्या ख्रिस्ती इतिहासातील हे सर्वांत कमी लिहिले गेलेले, पण बहुधा सर्वांत निर्णायक पर्व आहे, कारण धर्मगुरू आणि गाव एकमेकांच्या आधाराने जगू शकतात हे या काळात प्रथमच सिद्ध झाले.

याच कालखंडात आणि त्यानंतरच्या एकोणिसाव्या शतकात गावाच्या स्वतःच्या संस्थांना महत्त्व आले. चर्चची जमीन, भाडे आणि दानाची रक्कम सांभाळणाऱ्या निधीला ‘फाब्रिका’ म्हणत, आणि सणांचा खर्च उचलणाऱ्या, मेणबत्त्या-पालखीची व्यवस्था पाहणाऱ्या भक्तमंडळांना ‘कोन्फ्रारिया’ म्हणत. गावठाणाच्या तोंडाशी किंवा बंदरावर उभारलेल्या क्रूसापाशी संध्याकाळी ‘लदीन’, म्हणजे मरियामातेची व संतांची आळवणी करणारी सामूहिक प्रार्थना, होत असे आणि तिला धर्मगुरू असलाच पाहिजे अशी अट नव्हती. साष्टी-मुंबई भागात १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत नवे क्रूस उभे राहिले, त्यांच्यामागेही गावकऱ्यांचाच पुढाकार होता. धर्मगुरू येतात-जातात, पण क्रूस, फाब्रिका आणि जमात (गावातील ख्रिस्ती समाजाची संघटना) गावाची, ही जाणीव या संस्थांमुळे पक्की झाली. आजचा निरोपसमारंभ धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या, कार्यालयाऐवजी गावकरी ठरवतात, वर्गणी काढतात आणि पार पाडतात, याचे मूळ या जुन्या संस्थांत आहे.

एकोणिसाव्या शतकात धर्मसत्तेच्या अधिकारावरून मोठा वाद चालू होता. मुंबई बेटावर इंग्रजांनी १७२० मध्येच पाद्रोआदोच्या धर्मगुरूंना दूर करून कार्मेल संघाच्या, म्हणजे रोमच्या थेट अधिकाराखालील, मिशनऱ्यांकडे चर्च सोपवली होती. साष्टी मात्र बहुतांशी पाद्रोआदोखालीच राहिली. १८८६ मध्ये मुंबईचा महाधर्मप्रांत स्थापन झाला तरी साष्टीतील बहुतेक जुने धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी जोडलेली गावे व वस्त्या, दमणच्या पोर्तुगीज बिशपांकडे राहिले, आणि ही दुहेरी व्यवस्था रोम आणि पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारापर्यंत टिकली. या काळात येथे येणारे धर्मगुरू मोठ्या संख्येने गोव्याचे असत. ते कोकणी बोलत, त्यांचे शिक्षण पोर्तुगीजमध्ये झालेले असे, आणि मिस्सा तर सर्वत्र लॅटिनमध्येच होई. उत्तर कोकणातील मराठी बोलणाऱ्या या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारून आपली संघटना उभारली, त्यामागे स्थलांतरित गोमंतकीय ख्रिस्ती समाजापेक्षा आपली ओळख वेगळी राखण्याची आणि नोकरी-शिक्षणात वाटा मिळवण्याची इच्छा होती. आपल्यातलाच, आपल्या बोलीतला धर्मगुरू असावा ही आकांक्षा त्याच काळात स्पष्ट होऊ लागली.

या सगळ्या काळात निवृत्ती ही कल्पनाच नव्हती. कॅथलिक धर्मसंस्थेत गुरुदीक्षा आयुष्यभराची मानली जाते, आणि १९१७ च्या धर्मसंहितेने, म्हणजे संपूर्ण लॅटिन चर्चला लागू असलेल्या कायद्याच्या संकलनाने, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूच्या पदाला स्थैर्य असावे असाच आग्रह धरला. ठरावीक वयाला पद सोडण्याची तरतूद तीत नव्हती. धर्मगुरू म्हातारा झाला तर मदतनीस नेमला जाई, आजारी पडला तर धर्मगुरुनिवासातच त्याची शुश्रूषा होई, आणि मृत्यूनंतर गाव त्याला मान देई. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमधल्या कोरीव थडग्यांवरून पोर्तुगीज काळातील मानाची पद्धत ध्यानात येते : चर्चच्या आत, वेदीच्या शक्य तितक्या जवळ दफन हा सर्वोच्च सन्मान असे. जिवंत माणसाचे ऋण त्याच्यासमोर उभे राहून मान्य करण्याचा प्रसंग गावाच्या वाट्याला येतच नसे. गुरुदीक्षेचा रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव तेवढा अपवाद होता, पण तो सेवेच्या मधला टप्पा असे, समारोप नसे.

मुंबईच्या ख्रिस्ती समाजाला पद सोडणे हेही सेवेचेच एक रूप असू शकते, याचे पहिले मोठे उदाहरण आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांच्या रूपाने दिसले. १९२८ च्या करारात मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचे असावेत अशी अट होती. त्यानुसार पोर्तुगीज आर्चबिशप जोआकिम लिमा यांच्यानंतर १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली. येथील चर्चचे नेतृत्व भारतीय माणसाकडे जायला हवे, अशी त्यांची ठाम धारणा झाली, म्हणून १९४६ मध्ये वॅलेरियन ग्रेशियस हे सहायक बिशप झाल्यावर रॉबर्ट्स यांनी कारभार ग्रेशियस यांच्या हाती राहील अशा रीतीने मुंबई सोडली, आणि १९५० मध्ये राष्ट्रीयत्वाची जुनी अट संपल्यावर त्यांचा राजीनामा औपचारिकरीत्या स्वीकारला गेला. ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. अधिकारावर असलेल्या, प्रकृतीने धडधाकट असलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी जागा मोकळी करणे ही त्या काळच्या धर्मसंस्थेत असाधारण गोष्ट होती, आणि तिचा जितका गौरव व्हायला हवा होता तितका मुंबईच्या इतिहासलेखनात अजून झालेला नाही.

नियम बदलला तो दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या या जागतिक परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना मिस्साचे दार उघडले, आणि १९६५ च्या बिशपांच्या सेवेविषयीच्या दस्तऐवजात वयामुळे किंवा प्रकृतीमुळे काम झेपत नसलेल्या बिशपांनी व प्रमुख धर्मगुरूंनी आपण होऊन पद सोडावे अशी विनंती केली. पोप सहावे पॉल यांनी ६ ऑगस्ट १९६६ रोजी त्यासाठी पंचाहत्तर वर्षांची मर्यादा सुचवली. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने ही व्यवस्था कायम केली : पंचाहत्तर पूर्ण झाल्यावर प्रमुख धर्मगुरूने राजीनामा सादर करावा, बिशपांनी परिस्थिती पाहून तो स्वीकारावा किंवा लांबणीवर टाकावा, आणि निवृत्त धर्मगुरूच्या निर्वाहाची व निवासाची योग्य सोय करावी. उत्तनच्या किंवा डोंगरीच्या माणसासाठी या दोन सुधारणा एकाच वेळी आल्या, हा योगायोग महत्त्वाचा आहे. ज्या वर्षांत त्याने वेदीवरून मराठी प्रथमच ऐकली, त्याच वर्षांत आपले धर्मगुरू एक दिवस सेवा पुरी करून, हयात असताना, निरोप घेतील हेही त्याला कळले.

उदाहरण घालून देण्याचे काम पुढच्या आर्चबिशपांनी केले. साष्टीतील मरोळ येथे १९२० मध्ये ईस्ट इंडियन कुटुंबात जन्मलेले सायमन पिमेंटा १९७८ मध्ये मुंबईचे आर्चबिशप आणि १९८८ मध्ये कार्डिनल झाले, आणि वयाची मर्यादा ओलांडल्यावर १९९६ मध्ये निवृत्त झाले. चारशे वर्षांपूर्वी ज्या बेटाला धर्मगुरू समुद्रापलीकडून पाठवावे लागत होते, त्याच बेटाच्या एका गावठाणातला मुलगा सर्वोच्च पदावर पोहोचून नियमाप्रमाणे पायउतार झाला, ही घटना साष्टीच्या गावांना अतिशय अभिमानाची वाटली तर त्यात नवल नाही. त्यांच्यानंतरच्या परंपरेत कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस हेही जानेवारी २०२५ मध्ये वयाची ऐंशी वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले. खाडीपलीकडे वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला, तरी भाईंदर-उत्तनची गावे मुंबई महाधर्मप्रांतातच राहिली. त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांवर नातीगोती सारखी असली तरी धर्मगुरूंच्या नेमणुकांच्या याद्या आता वेगळ्या निघतात.

निरोपाच्या वेळी गाव नेमके कशाबद्दल ऋण मानते, हे समजण्यासाठी धर्मगुरूच्या नित्य कामाकडे पाहावे लागते. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या चर्चमधील नोंदवह्या अनेक कुटुंबांसाठी वंशावळीचा सर्वांत जुना लेखी पुरावा असतात, आणि जमिनीच्या, वारसाच्या किंवा जातप्रमाणपत्राच्या कामी लोक आजही त्यांच्याकडेच धाव घेतात. उत्तन आणि भाटेबंदरच्या कोळी वस्तीत होड्यांना आशीर्वाद देणे ही वर्षातील मोठी घटना असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि हंगाम पुन्हा सुरू होताना पवित्र पाणी शिंपडून, प्रार्थना म्हणून होड्या समुद्रात लोटल्या जातात. वादळात सापडलेल्या होडीची वाट पाहणाऱ्या घरात रात्रभर बसणे, समुद्रात गेलेल्या माणसाचा देह न मिळताच त्याची अंत्यप्रार्थना करणे, दारूच्या व्यसनाने मोडू लागलेला संसार सावरणे, शाळेतून गळालेल्या मुलाला परत वर्गात बसवणे, भावाभावांतील घरहद्दीचा तंटा कोर्टात जाण्याआधी मिटवणे, ही कामे कोणत्याही अहवालात येत नाहीत. मानपत्रात मात्र ती येतात, कधी नावानिशी, कधी आडून. आणि म्हणूनच जुनी मानपत्रे आणि महोत्सवी स्मरणिका हे या गावांच्या सामाजिक इतिहासाचे मोलाचे साधन आहे. नोंदवह्या कपाटात जपल्या जातात, मानपत्राच्या प्रती मात्र चौकटीत घालून धर्मगुरूंबरोबर जातात आणि गावात त्यांची एकही प्रत उरत नाही, ही मोठी हानी आहे.

सोहळ्याच्या बाह्य रूपाकडे पाहिले तर त्यात दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. मिस्सा, वेदीवरील सहधर्मगुरूंची उपस्थिती आणि आशीर्वाद हा चर्चचा भाग. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अध्यक्षीय भाषण हा महाराष्ट्रातील सार्वजनिक सत्कारांचा भाग, जो शिक्षक, समाजसेवक किंवा कीर्तनकार यांच्या सत्कारातही तसाच आढळतो. कोळी गावांत स्त्रिया पारंपरिक लुगडे नेसून आणि दागिने घालून मिरवणुकीत पुढे असतात, बँडच्या सुरांवर गाणी म्हटली जातात. पोर्तुगीज अमलातून आलेल्या धर्माने निरोप घेण्याची रीत मात्र बरीचशी या मातीतून घेतली, हे लक्षणीय आहे. दर काही वर्षांनी बदली होण्याच्या पद्धतीमुळे निवृत्त होणाऱ्या धर्मगुरूंनी आयुष्यात अनेक धर्मग्रामांत सेवा केलेली असते, आणि त्यांच्या शेवटच्या धर्मग्रामातील समारंभाला आधीच्या गावांचे लोकही येतात. कोणाचे लग्न त्यांनी लावलेले असते, कोणाच्या आईला अखेरचे संस्कार दिलेले असतात. दरवर्षी ४ ऑगस्टच्या सुमारास, धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते मानल्या गेलेल्या संत जॉन व्हियानी यांच्या सणानिमित्त होणारा धर्मगुरूंचा सत्कार या निरोपाला पूरक ठरतो. फ्रान्समधील आर्स या खेड्यात १८१८ पासून १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत एकाच ठिकाणी सेवा केलेल्या व्हियानींचा आदर्श, आणि आजचा बदली-निवृत्तीचा नियम, यांच्यातील अंतर मात्र विचार करण्याजोगे आहे : एकाच गावात हाडे झिजवण्याची शक्यता आता राहिली नाही, पण अनेक गावांनी एका माणसाला आपला म्हणण्याची शक्यता निर्माण झाली.

निवृत्तीने सेवा संपत नाही, हेही या समाजाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याचे सर्वश्रुत उदाहरण. ‘सुवार्ता’ या मासिकाचे दीर्घकाळ संपादक, हरित वसईसाठीच्या लोकलढ्याचे नेते आणि ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता, त्याला काहींनी विरोधही केला, आणि तरी त्यांनी तो शांतपणे पेलला. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शोक करणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांची संख्या मोठी होती. याहून कमी परिचित असलेले अनेक निवृत्त धर्मगुरू महाधर्मप्रांताच्या वृद्ध-धर्मगुरुनिवासात किंवा एखाद्या चर्चच्या निवासात राहून पापनिवेदन ऐकतात, रुग्णांना भेटतात आणि सणाच्या दिवशी आपल्या जुन्या गावी मिस्सा अर्पण करायला येतात.

मीरा-भाईंदरच्या वाढीने या प्रथेसमोर नवी परिस्थिती उभी केली आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, आणि मीरा रोड परिसरातील धर्मग्रामांत मंगळुरू, गोवा, केरळ, तमिळनाडू येथून आलेली कुटुंबे गावठाणातील जुन्या कुटुंबांच्या जोडीने प्रार्थनेला बसतात. उत्तनच्या किनाऱ्यावरील वेलंकनीमातेच्या तीर्थस्थानाकडे मुंबईभरातून भाविक येतात. अशा धर्मग्रामांत निरोपाची भाषणे इंग्रजीबरोबर कोकणी, तमिळ, मल्याळम आणि मराठी अशा भाषांत होतात, आणि संयोजन गावच्या जमातीऐवजी धर्मग्राम-परिषद, म्हणजे व्हॅटिकन परिषदेनंतर आलेली भाविकांच्या प्रतिनिधींची सल्लागार समिती, करते. दुसरीकडे पाली, चौक, तारोडी, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात कचराभूमीचा त्रास, मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या झाडांवर आलेले संकट आणि मासळीची घटती आवक यांच्याशी झगडणाऱ्या गावांत धर्मगुरू बदलतो, तेव्हा या प्रश्नांची माहिती असलेला साक्षीदारही बरोबर जातो. म्हणून नवे धर्मगुरू आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुने फादर त्यांना गावठाणे, क्रूस आणि बंदरे दाखवत घरोघर नेतात, हा निरोपाचा सर्वांत कमी दिसणारा भाग जपला पाहिजे.